अमेरिकेच्या रॅपस्टारने जिच्या गाण्यावर रॅप केलं, ती गायिका मुंबईची होती : आशा पुथली यांची गोष्ट

समजा, अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत एक पोरगा बसलाय. कानात इयरफोन, हातात मोबाईल. रील्स सरकवता सरकवता एक जुनं अमेरिकन रॅप गाणं लागतं. मागे एक संथ, गुळगुळीत, डुलत जाणारा ठेका आहे. पोरगा मान हलवतो आणि पुढच्या रीलवर जातो.

त्याला वाटतं, हे सगळं न्यूयॉर्कचं. पण तो ठेका ज्या मूळ गाण्यातून उचललाय, ते गाणं गाणारी बाई मुंबईत जन्मली, मुंबईत वाढली आणि शास्त्रीय संगीताची तालीम घेऊन परदेशात गेली.

तिचं नाव आशा पुथली.

जगभरचे डीजे, जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक आणि हिपहॉपवाले हे नाव आदराने घेतात. सोल, फंक आणि डिस्को या प्रकारांत भारतीय गळ्याने स्वतःची जागा केली, ती सुरुवातीच्या काळात त्यांनीच. तरी महाराष्ट्रात दहा जणांना विचारलं, तर नऊ जण विचारतील, "आशा म्हणजे भोसले का?"

म्हणूनच ही गोष्ट नीट, पहिल्यापासून.

आधी थोडक्यात

नाव : आशा पुथली
जन्म : ४ फेब्रुवारी १९४५, मुंबई
प्रकार : जॅझ, सोल, फंक, डिस्को
गाजलेली गाणी : स्पेस टॉक, राईट डाऊन हिअर, आय डिग लव्ह
महत्त्वाचे अल्बम : आशा पुथली (१९७३), द डेव्हिल इज लूज (१९७६)
ओळख : ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममधला आवाज, आणि द नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यामागचा मूळ सूर

सोल आणि फंक म्हणजे नक्की काय?

हे दोन शब्द सगळीकडे वापरले जातात, पण अर्थ विचारला की बरेच जण अडखळतात. आपल्याकडच्या उदाहरणांनी बघितलं तर सोपं जातं.

अक्कलकोटला वटवृक्ष मंदिराच्या परिसरात भजन ऐकलंय? एकजण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. आवाज चढत जातो, टाळ्या वाढतात, गाणारा शब्द सोडून नुसत्या सुरांवर जातो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये अशीच गाणी होत असत. त्यांना गॉस्पेल म्हणतात. १९५०च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी तोच चर्चचा आवेश घेतला आणि देवाच्या जागी प्रेयसीला बसवलं. १९५४ चं त्यांचं 'आय गॉट अ वुमन' हे गाणं असंच गॉस्पेलच्या वळणावर बेतलेलं आहे. भक्तीची तीव्रता, पण विषय माणसाच्या सुखदुःखाचा. हा सोल.

फंक समजायला 'सम' आठवायची. तबलजी कितीही आडवातिडवा गेला, तरी समेवर येतो तेव्हा सगळ्यांची मान एकदम खाली येते. जेम्स ब्राऊन या गायकाने १९६०च्या दशकात आपल्या वादकांना हेच सांगितलं, की मात्रेच्या आवर्तनात पहिल्या ठोक्यावर जोर द्या. त्या पहिल्या ठोक्याला ते 'द वन' म्हणायचे. १९६७ चं 'कोल्ड स्वेट' ऐकलं की हे लगेच कळतं. गिटार, ड्रम, बेस, ब्रास ही सगळी वाद्यं सूर सजवण्यापेक्षा ठेका धरायचं काम करतात. हा फंक.

म्हणजे भजनाचा आवेश आणि समेची जाण या दोन्ही गोष्टी ज्या मुलीला लहानपणापासून ठाऊक होत्या, तिला हे संगीत फार परकं वाटलं नसणार.

मुंबईतलं घर आणि रेडिओ

आशा पुथली यांचा जन्म मुंबईतल्या सारस्वत कुटुंबातला. स्वातंत्र्यलढ्यातल्या आणि हस्तकला चळवळीतल्या कमलादेवी चट्टोपाध्याय या त्यांच्या नात्यातल्या. घरात शिक्षणाला आणि कलेला मान होता. लहान वयात त्यांचं शास्त्रीय गाण्याचं शिक्षण सुरू झालं. पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. त्याच्या जोडीला पाश्चात्त्य ऑपेराच्या गायकीचेही धडे घेतले.

दुसरा गुरू होता रेडिओ.

तेव्हा यूट्यूब नव्हतं, कॅसेटसुद्धा नव्हती. आकाशवाणीवर तर १९५०च्या दशकात चित्रपटगीतांनाही काही काळ जवळपास दार बंद होतं. पाश्चात्त्य गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन किंवा शॉर्टवेव्हवर लागणारं व्हॉइस ऑफ अमेरिका. रात्री खरखर करत येणाऱ्या त्या आवाजातून आशा यांनी जॅझ ऐकला. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जॅझ गायिका ठरलेली चाल सोडून ऐनवेळी नवी सुरावट उभी करते. आपल्याकडे ख्याल गाणारा तेच करतो. चीज दोन ओळींची असते, बाकी सगळं गाणाऱ्याच्या डोक्यातून त्या क्षणी येतं.

हा धागा त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

मुंबईत जॅझ होता?

होता, आणि चांगला मुरलेला होता.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही गोवन मंडळी दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवायची. 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे त्यातलं मोठं नाव. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधल्या गाण्यांना जो उसळता ठेका आहे, त्यात अशा वादकांचा मोठा वाटा आहे.

पुढे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने आपले मोठे कलाकार जगभर दौऱ्यावर पाठवले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक भारतात आले, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन.

या वातावरणात कॉलेजच्या वयाची आशा टी डान्सना जायची. टी डान्स म्हणजे संध्याकाळी चहाच्या वेळेला बँडच्या साथीने होणारा नाचाचा कार्यक्रम. तिथे ती बँडबरोबर गायला उभी राहायची आणि गाता गाता आपले आलाप मिसळायची. एका संध्याकाळी लेखक वेद मेहता तिथे होते. ते भारतावर पुस्तक लिहीत होते. १९७० मध्ये त्यांचं 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' प्रसिद्ध झालं, त्यात मुंबईच्या जॅझवर एक प्रकरण होतं आणि त्यात आशा पुथली होत्या.

त्याच सुमारास त्यांनी 'द सर्फर्स' या बँडबरोबर एक छोटी रेकॉर्डही केली. त्यात 'एंजल ऑफ द मॉर्निंग' सारखी तेव्हा गाजत असलेली इंग्रजी गाणी होती.

देश सोडायचा कसा? हवाई सुंदरी होऊन

१९६०च्या दशकात भारतातून परदेशी जाणं आजच्यासारखं नव्हतं. परकीय चलन मोजून मिळायचं, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची. एकट्या अविवाहित मुलीने गाणं गायला न्यूयॉर्कला जाणं, ही कल्पनाच बहुतेक घरांत टिकली नसती.

आशा यांनी वेगळी वाट काढली. बीओएसी, म्हणजे आजच्या ब्रिटिश एअरवेजची पूर्वज कंपनी, तिच्यात त्या हवाई सुंदरी झाल्या. विमानातली नोकरी म्हणजे पगारही आणि जगाचं तिकीटही.

पुढे मार्था ग्रॅहम या विख्यात नर्तिकेच्या संस्थेची नृत्य शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या न्यूयॉर्कला पोचल्या. नाचाच्या निमित्ताने गेल्या, पण डोक्यात गाणं होतं.

जॉन हॅमंड यांचा कान

अमेरिकन संगीतात जॉन हॅमंड हे नाव म्हणजे पारखी माणसाचं दुसरं नाव. कोलंबिया रेकॉर्ड्ससाठी काम करणाऱ्या या माणसाने बिली हॉलिडेला पुढे आणलं. ॲरिथा फ्रँकलिन, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना कोलंबियात आणणारेही तेच.

त्याच हॅमंड यांनी आशा पुथली यांना करारबद्ध केलं. वेद मेहतांच्या पुस्तकातून हे नाव त्यांच्यापर्यंत आधीच गेलेलं होतं.

१९७१ मध्ये पीटर आयव्हर्स यांच्या बँडबरोबर आशा यांनी 'एन्ट दॅट पिक्युलिअर' हे मार्व्हिन गे यांचं गाजलेलं सोल गाणं आपल्या पद्धतीने गायलं. सोलशी त्यांची गाठ पडली ती अशी.

पण त्यांचं नाव झालं ते त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणामुळे.

ऑर्नेट कोलमन आणि 'सायन्स फिक्शन'

ऑर्नेट कोलमन हे टेक्सासचे सॅक्सोफोनवादक. 'फ्री जॅझ' या प्रकाराचे जनक म्हणून त्यांची ओळख. ठरलेली स्वरसंगती, ठरलेला साचा मोडून वादकांनी एकमेकांना ऐकत मोकळं वाजवायचं, हा त्यांचा आग्रह. सुरुवातीला अनेकांनी त्यांची टर उडवली. २००७ मध्ये याच माणसाला संगीताचं पुलित्झर मिळालं.

१९७१ च्या सप्टेंबरात कोलमन न्यूयॉर्कमध्ये 'सायन्स फिक्शन' हा अल्बम ध्वनिमुद्रित करत होते. दोन गाण्यांसाठी त्यांना गायिका हवी होती. गाणी होती 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ'.

गाणी साधी दिसतात, पण गायला कठीण. सूर अनपेक्षित ठिकाणी उड्या मारतात, मागे दोन दोन ड्रमर आपापल्या चालीने वाजवतायत, ब्रासवाले भोवती घोंगावतायत. सुरांचा आधार द्यायला पियानोसुद्धा नाही. अशा वेळी गायिकेला तानपुरा आपल्या डोक्यातच लावून ठेवावा लागतो. शास्त्रीय तालमीत वाढलेल्या आशा यांना ते जमलं. त्यांचा आवाज त्या गोंगाटातून सरळ, स्थिर रेषेसारखा पुढे जातो आणि मधूनच मींड घेतो.

या अल्बममध्ये वाजवणारे कोण होते? डॉन चेरी, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल, बिली हिगिन्स, ड्यूई रेडमन. जॅझच्या इतिहासातली ही अव्वल मंडळी.

अल्बम १९७२ मध्ये बाजारात आला. 'डाउनबीट' या जॅझच्या प्रतिष्ठित मासिकाच्या समीक्षकांनी या नव्या आवाजाची दखल घेतली. त्याच वर्षी इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांच्या 'सॅव्हेजेस' या सिनेमात आशा यांनी भूमिकाही केली.

आता प्रश्न होता पुढचा. जॅझ गायिका म्हणून छोट्या क्लबात गात राहायचं, की आणखी काही करायचं?

अमेरिकेत नाही, युरोपात दार उघडलं

त्या काळात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांचा हिशेब सरळ होता. गोऱ्यांसाठी रॉक, काळ्यांसाठी सोल. साडी नेसणारी, नाकात नथ घालू शकणारी आणि तरी फंक गाणारी बाई कोणत्या खणात ठेवायची? सितार वाजवली असती तर 'भारतीय संगीत' असं लेबल लावून मोकळे झाले असते. रविशंकर यांच्यामुळे त्याला बाजार होता. आशा यांना मात्र तेवढ्यात बसायचं नव्हतं.

युरोपातल्या सीबीएसने त्यांना संधी दिली. १९७३ मध्ये 'आशा पुथली' याच नावाचा पहिला अल्बम आला. निर्माता होता डेल न्यूमन. एल्टन जॉन यांच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड' साठी वाद्यवृंदाची रचना करणारा हाच माणूस.

या अल्बममध्ये जे. जे. केल यांचं 'राईट डाऊन हिअर' आहे. मूळ गाणं गावठी वळणाचं, गिटारवर गुणगुणलेलं. आशा यांनी त्याला संथ फंकमध्ये बुडवलं. बेस गिटार पुढे आली, आवाज जवळजवळ कानात कुजबुजल्यासारखा झाला. जॉर्ज हॅरिसन यांचं 'आय डिग लव्ह' तर त्यांनी इतकं बदललं, की मूळ गाणं बीटल्सच्या माणसाचं होतं हे सांगावं लागतं. सुस्कारे, हसू, श्वास या सगळ्याचा त्यांनी वाद्यासारखा वापर केला.

ही कुजबुजती, मादक गायकी पुढे डिस्कोची ओळख झाली. डोना समर यांचं म्युनिकमध्ये तयार झालेलं 'लव्ह टू लव्ह यू बेबी' हे गाणं त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते आलं १९७५ मध्ये. आशा पुथलींचा अल्बम त्याच्या दोन वर्षं आधीचा.

त्यानंतर 'शी लव्हज टू हिअर द म्युझिक' आला. आणि १९७६ मध्ये तो अल्बम आला, ज्यामुळे आज ही गोष्ट लिहिली जाते.

'स्पेस टॉक' : एका गाण्याचं नशीब

'द डेव्हिल इज लूज' हा अल्बम जर्मन निर्माते डीटर झिमरमन यांच्याबरोबर तयार झाला. त्यात 'स्पेस टॉक' नावाचं गाणं होतं.

गाणं घाईत नाही. बेस एक गोल गोल फिरणारी ओळ धरतो, वर व्हायोलिनच्या लाटा येतात, आणि आशा यांचा आवाज अंतराळातून आल्यासारखा तरंगत राहतो. ठेका फंकचा, कपडे डिस्कोचे, आणि गळ्यात मधेमधे आपली मींड.

हे गाणं न्यूयॉर्कमध्ये पोचलं ते रेडिओमुळे नाही, तर एका माणसाच्या घरातून. डेव्हिड मॅन्क्युसो हा डीजे १९७० पासून आपल्या राहत्या जागेत मित्रांसाठी पार्ट्या करायचा. दारू विकायची नाही, भेदभाव नाही, आवाजाची यंत्रणा उत्तम आणि रात्रभर नाच. त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणत. काळे, गोरे, लॅटिनो, समलिंगी, गरीब, श्रीमंत सगळे तिथे एकत्र नाचायचे. आजच्या क्लब संस्कृतीची मुळं तिथे सापडतात. मॅन्क्युसोच्या आवडत्या रेकॉर्डींमध्ये 'स्पेस टॉक' होतं.

ज्या देशात तिचे अल्बम दुकानात नव्हते, त्या देशात परदेशातून आणलेल्या रेकॉर्डीवरून मुंबईची बाई रात्रभर गात होती.

दशकाच्या अखेरीस 'लिंडियाना' हा डिस्को अल्बम आला. इटलीत १९७९ च्या 'स्क्वाड्रा अँटीगँगस्टर्स' या सिनेमात त्या पडद्यावर दिसल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी दोन अल्बम झाले. नंतर त्यांनी वेग कमी केला आणि मुलाच्या संगोपनाला वेळ दिला. डिस्कोची लाटही तोवर ओसरली होती.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. अशा कितीतरी गोष्टी संपतात.

१९९७ : बिगी आणि सॅम्पलिंग

हिपहॉपमध्ये 'सॅम्पलिंग' नावाची गोष्ट असते. जुन्या रेकॉर्डीतला चार-आठ सेकंदांचा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर रॅप करायचा. गोधडीसारखं काम आहे. जुन्या लुगड्याचा चांगला तुकडा कापून नव्या पांघरुणात शिवायचा. कापड जुनं, ऊब नवी.

म्हणून हिपहॉपचे निर्माते जुन्या रेकॉर्डींच्या ढिगाऱ्यात तासन् तास खोदत बसतात. अशाच शोधात 'स्पेस टॉक' सापडलं.

द नोटोरियस बी.आय.जी., म्हणजेच बिगी, याचा ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या घालून खून झाला. पंधरवड्यानंतर, २५ मार्चला त्याचा 'लाइफ आफ्टर डेथ' हा अल्बम आला. त्यातलं 'द वर्ल्ड इज फिल्ड' हे गाणं 'स्पेस टॉक'वर उभं आहे. अल्बमला अमेरिकेत डायमंड प्रमाणपत्र मिळालं. हिपहॉपच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अल्बममध्ये त्याची गणना होते.

लाखो लोकांनी तो ठेका ऐकला. त्यातल्या किती जणांनी रेकॉर्डीच्या आतल्या पानावरची बारीक अक्षरं वाचली असतील?

सॅम्पलिंगची हीच गंमत आणि हीच अडचण. जुनं गाणं जिवंत राहतं, पण गाणाऱ्याचं नाव मागे पडू शकतं. शिवाय हक्क दोन असतात. एक गाण्याच्या रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. रचना बहुतेक वेळा गीतकार-संगीतकाराची असते, ध्वनिमुद्रण कंपनीचं. ज्याच्या गळ्यामुळे गाणं ओळखलं जातं, त्याचा करार जसा असेल तसा त्याचा वाटा. आज रीलला 'ऑडिओ' म्हणून कुणाचाही आवाज सहज चिकटवला जातो, तेव्हाही प्रश्न हाच आहे.

मग भारतात नाव का झालं नाही?

याची कारणं शोधली तर तीन-चार सापडतात.

पहिलं, रेकॉर्डी इथे पोचल्याच नाहीत. अल्बम युरोपात निघाले. भारतात आयात केलेली रेकॉर्ड म्हणजे चैन.

दुसरं, आपल्याकडे लोकप्रिय संगीत म्हणजे सिनेमाचं संगीत. १९७३ मध्ये इथे 'बॉबी' आणि 'यादों की बारात' ची गाणी गाजत होती. फंकचा ठेका राहुल देव बर्मन यांच्यामुळे लोकांनी ऐकला, पण तो हिरो-हिरॉईनच्या चेहऱ्यासकट. सिनेमाबाहेर, इंग्रजीत गाणाऱ्या बाईला जागाच नव्हती. उषा उथुप यांनासुद्धा घराघरांत पोचायला सिनेमाचा हात धरावा लागला.

तिसरं, काळ चुकला. भारतात डिस्कोचं वेड लागलं ते १९८० मध्ये 'कुर्बानी' तल्या 'आप जैसा कोई' नंतर. ते गाणं बेंगळुरूहून लंडनला गेलेल्या बिड्डू यांनी केलं आणि नाझिया हसन यांनी गायलं. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. आशा पुथली तोवर या वाटेवरून सात-आठ वर्षं चालून पुढे गेल्या होत्या.

आणि चौथं कारण जरा बोचरं आहे. सुस्कारे टाकत प्रेमाबद्दल गाणारी, परदेशी बँडसमोर स्वतःच्या मर्जीने उभी राहणारी सारस्वत घरातली मुलगी. पडद्यावर हेलनला टाळ्या वाजवणाऱ्या समाजाला ती 'आपली' म्हणून मिरवायला सोयीची नव्हती.

परत येणं

२००६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या समरस्टेज महोत्सवात आशा पुथली मोठ्या खंडानंतर गायल्या. त्या कार्यक्रमात ड्यूई रेडमनही होते, १९७१ मध्ये 'सायन्स फिक्शन' मध्ये वाजवणारे तेच सॅक्सोफोनवादक. काही आठवड्यांतच, २ सप्टेंबर २००६ रोजी रेडमन यांचं निधन झालं.

पुढे जुनी गाणी इंटरनेटवर आली आणि नव्या पिढीने त्यांना शोधून काढलं. २०२२ मध्ये 'द इसेन्शियल आशा पुथली' हे निवडक गाण्यांचं संकलन निघालं. त्यानंतर नव्या डीजेंनी केलेल्या रिमिक्सचा संग्रहही आला. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाच्या मंचावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय होतं ७९. समोर नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आईबापसुद्धा 'स्पेस टॉक' आलं तेव्हा शाळेत असतील.

ऐकायचं असेल तर इथून सुरुवात करा

एकदम सगळं ऐकायला गेलात तर गोंधळ होईल. हा क्रम बरा पडतो.

१. स्पेस टॉक (१९७६) : आधी हे. रात्री, इयरफोन लावून. बेसच्या ओळीकडे लक्ष ठेवा.

२. बिगीचं 'द वर्ल्ड इज फिल्ड' (१९९७) : लगेच पाठोपाठ. कुठला तुकडा उचललाय ते कान स्वतःच सांगतील. शब्द मात्र मोठ्यांसाठीचे आहेत, घरात स्पीकरवर लावू नका.

३. राईट डाऊन हिअर (१९७३) : संथ फंक म्हणजे काय ते यात कळतं. समेवर मान कशी खाली येते ते बघा.

४. आय डिग लव्ह (१९७३) : आवाजाचा वाद्यासारखा वापर.

५. व्हॉट रीझन कुड आय गिव्ह (१९७२) : हे शेवटी. पहिल्यांदा डोक्यावरून जाईल. दुसऱ्यांदा फक्त गायिकेच्या सुरावर लक्ष ठेवून ऐका. तिसऱ्यांदा मागची वाद्यंही उलगडायला लागतात.

सीमेवरच्या गावाला हे कळायला सोपं आहे

अक्कलकोट हे महाराष्ट्राच्या टोकाचं गाव. पलीकडे कर्नाटक. इथे माणूस घरात कानडी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, बाजारात दखनी उर्दू ऐकतो आणि मोबाईलवर हिंदी बघतो. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्यांना कुणी विचारत नाही की तुमची भाषा कोणती. अशा गावातल्या माणसाला एकापेक्षा जास्त घरं असणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही.

आशा पुथली यांचं गाणं अशाच सीमेवरचं. जॅझवाल्यांना त्या जरा पॉप वाटल्या, पॉपवाल्यांना जरा जॅझ. अमेरिकेला भारतीय, भारताला परदेशी. कुठल्याच खणात न बसल्यामुळे हयातीतली बरीच वर्षं त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आणि कुठल्याच खणात न बसल्यामुळेच पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं आजही जुनं वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एसटीची वाट बघताना रीलवर तो डुलता ठेका लागला, तर लगेच पुढे सरकवू नका. शेजारच्याला एक इयरफोन द्या आणि सांगा, ही बाई आपल्या मुंबईची आहे. नाव आशा पुथली.